दुसऱ्या पक्ष्याचा हिशेब

शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, दुधात आला की माण-खटावात आणि जत-आटपाडीत राखण सुरू होते. पाखरं कणसावर उतरतात ती दोन वेळा: फटफटल्यापासून ऊन तापेपर्यंत आणि दिवस कलल्यापासून अंधार पडेपर्यंत. मधल्या वेळात राखणदार माळ्यावरून उतरून भाकरी खाऊ शकतो. त्याच्या हातात गोफण असते. दोन दोऱ्या आणि मधे विणलेली खोलगट पट्टी, एवढंच ते हत्यार. एका दोरीच्या टोकाला फास असतो, तो बोटात अडकवायचा. दुसरं टोक अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत धरायचं. पट्टीत गुंडा, म्हणजे गोल दगड, ठेवून डोक्यावरून दोन-तीन फेरे द्यायचे आणि चिमटी सोडायची. गुंडा पुढे जातो आणि सुटलेल्या दोरीचं टोक चाबकासारखं कडाडतं. चिमटी अंमळ लवकर किंवा उशिरा सुटली तर गुंडा भलतीकडे जातो, कधी शेजारच्या रानात, कधी शेजाऱ्याच्या कपाळावर.

मारा थव्याच्या अंगावर करायचा नसतो. गुंडा कणसात घुसला तर दाणे झडतात, म्हणजे पाखरांनी खाल्लं नसतं ते आपणच सांडलं. गुंडा थव्याच्या वरून जातो, दोरी कडाडते, आणि शेकडो भोरड्यांचा ढग एका दमात उठून पलीकडच्या रानात जातो. मग तिथला राखणदार गोफण उचलतो. म्हणजे ज्या शिवारात दगड आणि पाखरू यांची रोजची गाठ होती, तिथे एका दगडात दोन पक्षी कुणी मारत नव्हतं. एका दगडात दोनशे उडवत होते.

तरीही आपण लिहिताना आणि बोलताना 'एका दगडात दोन पक्षी' सर्रास मारतो. शाळेच्या वाक्प्रचारांत, वर्तमानपत्राच्या मथळ्यांत, पालकमंत्र्यांच्या भाषणात, ग्रामसभेच्या ठरावात. या वाक्प्रचाराला पर्याय शोधावा का, हा प्रश्न आता अधूनमधून निघतो आणि बहुतेक वेळा तो दयेच्या अंगानं निघतो. मुलांना हिंसा का शिकवायची, असं विचारलं जातं. इंग्रजीत २०१८ च्या डिसेंबरात 'पेटा' या प्राणीहक्क संघटनेनं 'दगडानं मारण्याऐवजी एका स्कोनवर दोन पाखरं जगवा' असं सुचवलं होतं. स्कोन हा बेकरीतला पाव, इंग्रजीत त्याचं दगडाशी यमक जुळतं म्हणून. त्यावर हसूही झालं, आणि पाखरांना बेकरीचा पाव घालणं त्यांच्या पोटाला बरं नसतं, हेही लोकांनी ऐकवलं. यमकासाठी केलेली दया अशी फसते.

दयेचा मुद्दा मी उडवून लावत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आपल्याकडच्या बहुतेक रानपाखरांना संरक्षण आहे, तेव्हा एक पक्षी मारणंही गुन्हा, दोनाची गोष्टच सोडा. मायणीच्या तलावावर पाखरं बघायला नेलेल्या मुलांना परतीच्या गाडीत हा वाक्प्रचार समजावून सांगायचा म्हणजे मास्तरांची पंचाईतच. पण भाषा अशा कारणानं बदलत नाही. बोलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर 'एका दगडात' म्हणताना मेलेलं पाखरू येतच नाही, जसं 'कान टोचले' म्हणताना सुई येत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. हा वाक्प्रचार सार्वजनिक व्यवहारात हिशेब लपवतो. दुसरा पक्षी खरंच पडला का, पडला तर याच दगडानं पडला का, आणि दगड कुणाच्या पैशाचा, हे तीनही प्रश्न त्यात बुजून जातात. मराठीत याच अर्थाच्या आजूबाजूला जे पर्याय आहेत त्यांत ते बुजत नाहीत. म्हणून सरकारी टिपणीत, बातमीत आणि ठरावात तरी हा वाक्प्रचार मागे ठेवावा आणि ते पर्याय बाहेर काढावेत, असं मला वाटतं.

बाहेरच्या भाषांत काय चालतं ते थोडक्यात पाहून घेऊ. तमिळ माणूस एका दगडात दोन कैऱ्या पाडतो. जर्मन एका फटक्यात दोन माश्या मारतो. फारसीत एका बाणात दोन निशाण साधतात. पोलंडात एकाच जाळावर मांसाचे दोन तुकडे भाजून घेतात, इटलीत घेवड्याच्या जातीतल्या एका दाण्यावर दोन कबुतरं धरतात. बंगाली मात्र या सगळ्यांत हुशार: रथ बघायचा आणि केळी विकायची. रथयात्रेला जायचंच आहे तर केळ्यांची टोपली सोबत घ्यावी. इथे दगड नाही, नेम नाही, नशीबही नाही. जाणं ठरलेलं होतं, त्यात टोपलीचं ओझं तेवढं वाढलं. दुसऱ्या कामाची किंमत किती, ते त्या म्हणीतच सांगितलेलं आहे: एक टोपली.

हा फरक नीट धरून ठेवला पाहिजे. 'दोन कामं एकात' म्हणतो तेव्हा आपण निदान पाच-सहा निरनिराळ्या गोष्टींबद्दल बोलत असतो, आणि मराठीनं त्यांना निरनिराळे शब्द दिलेले आहेत.

सगळ्यात साधा आणि सगळ्यात जिवंत शब्द म्हणजे 'हातासरशी'. 'भांडी घासतेच आहेस तर हातासरशी तो तांब्याही घास.' 'तालुक्याला जातोयस तर हातासरशी सातबारा काढून आण.' मुख्य काम चालू आहे, हात ओला झालेलाच आहे, दुसऱ्याला वेगळी तयारी लागत नाही. 'जाता जाता', 'त्याच पावली', 'एका खेपेत' हे याचेच भाऊबंद. यांत बढाई नाही. हातासरशी केलेलं काम लहान असतं आणि बोलणारा ते लहानच आहे असं कबूल करतो. हिंदीतून आलेलं 'एक पंथ दो काज' खरं तर याच अर्थाचं, पण मराठीत 'काज' म्हणजे गुंडीचं भोक, त्यामुळे शाळेतल्या पोरांना ते सदऱ्याबद्दलचं काहीतरी वाटतं.

दुसरा प्रकार उपपदार्थाचा. आंबा खाल्ला, कोयही विकली. हिंदीतलं 'आम के आम, गुठलियों के दाम' आपण जसंच्या तसं उचललं. त्याची काहीच गरज नव्हती, कारण कराड, वाळवा, शिराळा या भागांत यापेक्षा पक्कं चित्र दर हंगामात समोर असतं. गुऱ्हाळात उसाचा रस काहिलीत जातो आणि त्याच उसाचं चिपाड खाली चुलवाणात जळतं. ऊस स्वतःच्या जाळावर स्वतःचा गूळ करून देतो. शंभर किलो उसाला दहा-बारा किलो गूळ पडतो आणि जळणाला वेगळे पैसे फारसे लागत नाहीत. मात्र यात एक बारकावा आहे, तो गुळव्याला माहीत असतो आणि भाषण करणाऱ्याला नसतो. आज गाळलेलं चिपाड आज जळत नाही. ते ओलं असतं. ओलं चिपाड घातलं की धूर होतो, जाळ बसतो, रस काहिलीत रेंगाळतो आणि गूळ काळवंडतो. चिपाड पसरून दोन-तीन दिवस उन्हात वाळवावं लागतं, त्याला जागा लागते, पाऊस आला तर झाकावं लागतं. आजचा रस शिजतो तो परवाच्या चिपाडावर. दोन फायदे एकाच उसातून येतात, पण एकाच दिवशी येत नाहीत, आणि मधल्या वेळात कुणालातरी राबावं लागतं. 'उसाचा गूळ आणि उसाचंच जळण' असं म्हणावं. त्यात वाळवण्याची आठवण राहते.

तिसरा प्रकार दुसऱ्या फायद्याचा नाहीच, तोट्यातून वाचण्याचा आहे. 'गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली.' यात दोन उद्देश एकदम साधत नाहीत, दोहोंपैकी एक साधतो आणि हात रिकामा राहत नाही. पंपासाठी घेतलेलं सेकंडहँड इंजिन पंपावर नीट चाललं नाही तर कडबाकुट्टीला लावू, हा हिशेब पुंगीचा. त्याला 'एका दगडात दोन पक्षी' म्हणणं म्हणजे जो फायदा कधी एकदम मिळणारच नाही तो दुप्पट करून सांगणं.

चौथा, 'साप मरावा पण काठी मोडू नये'. इथे दुसरं उद्दिष्ट म्हणजे काही नवं मिळवणं नसून हातातलं टिकवणं आहे. अतिक्रमण काढायचं पण गावात भांडण नको, थकबाकी वसूल करायची पण सभासद तुटायला नकोत, ही सगळी सापकाठीची कामं. ती अवघड असतात, आणि अवघड आहेत हे म्हणीतून कळतं. दगडाच्या म्हणीतून ती सोपी वाटतात.

पाचवा प्रकार घरातला: 'लेकी बोले, सुने लागे'. एक वाक्य, दोन कानांसाठी. माझ्या मते एका कृतीत दोन नेम साधण्याचं मराठीतलं सगळ्यात तंतोतंत वर्णन हेच आहे, आणि नेमकं तेच कुणी पर्याय म्हणून सुचवत नाही, कारण त्याला कुजकेपणाचा वास आहे. पण तालुक्याच्या राजकारणात निम्मी भाषणं अशीच असतात. टीका विरोधकावर, इशारा स्वपक्षातल्या इच्छुकाला. त्या बातमीला पक्ष्यांचा मथळा देण्यापेक्षा ही म्हण कितीतरी जास्त सांगून जाते.

आणखी दोन म्हणी चुकून याच गोठ्यात बांधल्या जातात. 'एक घाव दोन तुकडे' म्हणजे दोन कामं एकात नव्हे. वाद एकदाचा तोडून टाकणं, कायमचा निकाल लावणं, असा तिचा अर्थ. 'एका घावात दोन तुकडे करून सरकारनं दोन्ही प्रश्न सोडवले' असलं वाक्य लिहिणाऱ्यानं मुळात तुकडे कशाचे होतात ते पाहावं. 'दुधात साखर' हीसुद्धा वेगळी: दूध आधीच चांगलं होतं, साखरेनं गोड झालं. तिथे दुसरा हेतू नसतो, नुसती भर असते. आणि न मागता, न ठरवता दुसरं पदरात पडलं तर त्याला 'आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन' म्हणतात. ते देवाचं कर्तृत्व असतं, खात्याचं नव्हे.

आता हे सगळं सार्वजनिक कामांना लावून बघू, कारण खरी अडचण तिथे आहे.

महाराष्ट्रात २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आहे. तलावातला गाळ काढायचा, शेतकऱ्यानं तो रानात न्यायचा. तलावात पाणी वाढतं, रान सुधारतं. या योजनेचं नावच आधी पाहा. त्यात दोन्ही उद्दिष्टं नावानिशी सांगितली आहेत आणि गाळ कुठून कुठे जाणार तेही सांगितलं आहे. कुठल्याही पक्ष्यापेक्षा हे नाव चांगलं, आणि ते एखाद्या कार्यालयात तयार झालं असेल तर कार्यालयी मराठीबद्दलचं माझं मत थोडं बदलायला मी तयार आहे. तरी बातमीत मात्र 'एका दगडात दोन पक्षी' येतंच.

आकडे मांडून बघू. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण २.८३ घनमीटर. एक ब्रास गाळ निघाला की तलावात २,८३० लिटर पाण्याची जागा झाली. हा पहिला फायदा रोकडा आहे, खोऱ्याच्या पहिल्या घासापासून मिळतो. दुसऱ्याचं तसं नाही. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. त्यावर फक्त तीन इंच थर द्यायचा तर ३०० घनमीटरच्या वर गाळ लागतो, म्हणजे शंभराहून जास्त ब्रास. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत एका वेळी ब्रासभर माल धरला तर शंभर खेपा. ज्यानं दहा ट्रॉल्या आणून बांधाकडेला टाकल्या त्याच्या रानात काही बदल होत नाही, पण यादीत त्याचं नाव लाभार्थी म्हणून लागतं. डिझेल त्याचं गेलं ते वेगळंच.

गाळ कुणाच्या रानात जातो, यावरही दुसऱ्या फायद्याचं नशीब ठरतं. मुरमाड, हलक्या, पाणी न धरणाऱ्या जमिनीत तो सोन्यासारखा. आधीच भारी काळी जमीन असेल तर वर चिकण गाळ टाकून निचरा आणखी बिघडतो, आणि कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात तर हे दुखणं आधीचंच आहे. म्हणून गाळ उचलण्याआधी त्याचा सामू (पीएच) आणि क्षार तपासून घ्यायचे, उन्हाळ्यात पसरायचा, नांगरटीनं मातीत मिसळायचा, ढेकळं उन्हात फुटू द्यायची. पेरणी तोंडावर आल्यावर आणलेला गाळ तसाच वर राहतो आणि पहिल्या पावसात त्याची खपली धरते. उगवण मार खाते.

पहिला फायदासुद्धा हातचा जाऊ शकतो. खोदता खोदता काळा गाळ संपून खाली पिवळा मुरूम दिसला की थांबायचं असतं. गाळाचा तळाचा थर पाणी धरून ठेवतो. तो फोडून मुरूम उपसला, मग तो रस्त्याच्या भरावाला का जाईना, तर पुढच्या दिवाळीपर्यंत तलाव खालून रिकामा होतो. पाणी गेलं, रानही सुधारलं नाही, मुरमाचे पैसे तेवढे कुणाच्यातरी खिशात गेले. याला मराठीत 'ताकाला जाऊन भांडं लपवणं' म्हणतात. भांडं दिसत असताना ताकाचीच चर्चा करणं हे वार्ताहराचं काम नाही.

दुसरं उदाहरण सांगलीच्या जिव्हाळ्याचं आहे. कृष्णेचं पुराचं पाणी उचलून दुष्काळी भागात द्यायचं, म्हणजे सांगलीचा पूरही हटेल आणि जत-आटपाडीची तहानही भागेल. ऐकायला इतकं सरळ की विरोध करणारा माणूस वाईट दिसतो. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. अशा वेळी नदीतून वाहणारं पाणी लाखभर क्युसेक आणि त्याहून जास्त असतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट.

समजा, उपसा योजनांचे पंप रात्रंदिवस चालवून १,००० क्युसेक उचलले. लाखातले हजार म्हणजे शंभरातला एक. पुलाखालच्या पाण्याला ते उचलल्याचं कळणारही नाही. आता हेच १,००० क्युसेक दहा दिवस चालवा: सेकंदाला १,००० घनफूट, दिवसाचे ८६,४०० सेकंद, दहा दिवस. गुणाकार ८६ कोटी ४० लाख घनफूट, म्हणजे ०.८६ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट). पुराच्या अंगानं हा आकडा काहीच नाही, पण जत तालुक्यातल्या पाझर तलावांच्या अंगानं तो भरघोस आहे. गावोगावचे तलाव भरतील, विहिरींना पाझर येतील, शाळू पदरात पडेल. म्हणजे योजना चांगली आहे. ती पाण्याची योजना आहे, पुराची नाही. पाण्याची म्हणून तिच्यावर खर्च करावा, वीजबिलाचा वाद पाण्याची म्हणून सोडवावा. पूर हटेल असं सांगून सांगलीतल्या गावभागात किंवा हरिपुरात कुणाला निर्धास्त करू नये.

यात आणखी एक गोष्ट नकाशा उघडला की दिसते. जतला पाणी देणाऱ्या उपसा योजनेचं म्हैसाळ हे सांगलीच्या खालच्या अंगाला आहे. तिथे उचललेलं पाणी सांगलीचा पूल ओलांडून पुढे आलेलं असतं. ते उचलून सांगलीचा पूर कसा उतरणार? सांगलीच्या वरच्या अंगाला आहेत ताकारी आणि कराडजवळचं टेंभू, या दुसऱ्या दोन उपसा योजना. पूर आणि उपसा यांची सांगड घालायचीच तर हिशेब त्या दोन ठिकाणांचा मांडला पाहिजे, आणि तोही वरच्या शंभरातल्या एकाच्या मापात. एखाद्या वर्षी पंप चालू झाले आणि त्याच दिवशी कोयनेच्या पाणलोटात पाऊस थांबून पाणी उतरलं, तर 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला' हीच म्हण तिथे चालवावी. आपल्याकडे पक्ष्याची ही दुसरी म्हण आहे आणि पहिलीपेक्षा ती कितीतरी वेळा लागू पडते.

दोन उद्दिष्टं एका कामात बांधणं मुळातच वाईट, असं कुणी यावरून समजू नये. ती नीट बांधलेली कशी दिसतात हे बघायला वाळवा-पलूसच्या एखाद्या उसाच्या रानात उभं राहावं. सरीत ऊस, वरंब्यावर भुईमूग. सुरू उसाची लागण जानेवारी-फेब्रुवारीतली, त्याच वेळी उन्हाळी भुईमूग वरंब्याच्या बगलेला टोकायचा. उसाची मोठी बांधणी होते चार-साडेचार महिन्यांनी, भुईमूग निघतो त्याच्या आधी किंवा जेमतेम त्याच वेळी. एकाला जागा आणि ऊन लागतं तेव्हा दुसरा लहान असतो. भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठी नत्र धरतात आणि शेंगा तोडल्यावर उरलेला पाला सरीतच गाडता येतो. जुलै-ऑगस्टातल्या आडसाली लागणीत सोयाबीन हेच काम करतं. शंभर-एकशेदहा दिवसांत ते रानाबाहेर जातं.

यात अटी आहेत आणि शेतकरी त्या आधी मोजतो. सरी साडेचार-पाच फुटांची हवी. तीन फुटी सरीत दोघांचीही गळचेपी होते. तणनाशकाची मुभा जाते: एकट्या उसात चालणारं टू-फोर-डी मारलं की भुईमूग आणि सोयाबीन दोन्ही करपतात, अॅट्राझिनही त्यांना सोसत नाही, म्हणजे भांगलणीचे पैसे वाढले. भुईमूग आऱ्या, म्हणजे मातीत शिरून शेंग धरणारे कोंब, सोडत असताना घाईनं माती लावली तर आऱ्या तुटतात. उसाला म्हणून नत्राचा आणि पाण्याचा मारा केला तर भुईमुगाचा पाला माजतो आणि खाली शेंगा नसतात. गहू-मका यांसारखं खादाड आणि उंच पीक घेतलं तर ऊसच मागे पडतो, आणि मग 'तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं' म्हणायची वेळ येते. इथे दोन्ही पिकांची नावं, दोघांची जागा, दोघांची मुदत आणि दोघांचा खर्च उघड्यावर आहे. म्हणून मला 'सरीत ऊस, वरंब्यावर भुईमूग' हा बोलण्यातला पर्याय सगळ्यात आवडतो. तो इथल्या कुणालाही समजावून सांगावा लागत नाही, आणि ऐकणारा लगेच विचारतो: सरी किती फुटी?

नेमका हाच प्रश्न पक्ष्यांच्या म्हणीला विचारता येत नाही. 'दगड केवढा होता' असं कुणी विचारत नाही.

एक आक्षेप रास्त आहे. मथळ्याला जागा कमी असते, आणि 'एका दगडात दोन पक्षी' हे चार शब्द वाचकाला एका नजरेत कळतात. पण मथळ्यातच दोन्ही गोष्टी मावतात. 'गाळ काढून तलाव खोल, मुरमाड रानाला माती' यात शब्द सात आहेत, कोणतं रान तेही आलं. 'पुराच्या पाण्यानं जतचे तलाव भरणार' यात तर पुराचा खोटा वायदाच नाही. जिथे दुसऱ्या उद्दिष्टाचं नाव घेता येत नाही, तिथे ते बहुतेक वेळा नसतंच. ठराव लिहिणाऱ्या ग्रामसेवकानं एवढं करून बघावं: 'दुहेरी फायदा' लिहिल्यावर त्यापुढे दोन्ही फायदे एककासकट लिहावेत, ब्रास, लिटर, एकर, रुपये, जे असेल ते. दुसऱ्या फायद्यापुढे एकक सुचलं नाही तर तो खोडून 'हातासरशी' लिहावं. कुणाचा पैसा, कुणाचा फायदा असा भेद असेल तर 'स्वार्थ आणि परमार्थ' म्हणावं. त्यात निदान स्वार्थ कुठे आहे ते शोधावंसं वाटतं.

शाळेचं काय? तिथून हा वाक्प्रचार काढून टाकायची गरज मला दिसत नाही. परीक्षेत येणार, छापील मजकुरात भेटणार, तर मुलांना तो कळला पाहिजे. फक्त 'अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' इथेच थांबू नये. 'हातासरशी', 'गाजराची पुंगी', 'लेकी बोले सुने लागे' आणि 'साप मरावा पण काठी मोडू नये' ही चार शेजारी मांडून प्रसंग द्यावेत आणि कुठे काय बसतं ते विचारावं. बाजारला गेलेल्या आईनं येताना बँकेतून पासबुक भरून आणलं. जुनी सायकल विकली गेली नाही, म्हणून धाकट्याला दिली. सरपंचांनी उपसरपंचाचं कौतुक केलं आणि सदस्य उठून गेले. सातवीतली मुलं हे पटापट सोडवतील, आणि तिसऱ्या प्रसंगाला हसतील.

एक गोष्ट मात्र शोधताना खटकत राहते. दोन्ही मिळाल्याचे वाक्प्रचार आपल्याकडे असे निरनिराळ्या कोपऱ्यांतून गोळा करावे लागतात. दोन्ही गमावल्याचे विचारा, ते तोंडावर असतात: तेलही गेलं तूपही गेलं, गाढवही गेलं ब्रह्मचर्यही गेलं, दोन घरचा पाहुणा उपाशी. ज्यांनी ही भाषा घडवली त्यांना दुसऱ्या पक्ष्याचा अनुभव बराच असावा.